ठाण्याच्या दमट हवेत पॅलेडियम प्रिंट

पॅलेडियम प्रिंट म्हणजे कागदावर हाताने लेप देऊन पॅलेडियम धातूत उमटवलेला फोटो. तो काढायला काळीकुट्ट डार्करूम लागत नाही. खिडकीला जाड पडदा आणि खोलीत एक ४० वॅटचा पिवळा बल्ब, एवढ्यावर भागतं. कोपरीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये हे काम जमतं ते त्यामुळेच. या लेपाला घरातल्या साध्या बल्बचा उजेड फारसा कळत नाही. त्याला हवा असतो अतिनील प्रकाश, आणि तोही भरपूर. त्यामुळे एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, काही उपयोग नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवायची, वरून काचेने दाबायची आणि उन्हात किंवा यूव्ही ट्यूबखाली धरायची. जेवढी निगेटिव्ह, तेवढीच प्रिंट.

डार्करूमचा प्रश्न असा सुटतो, पण हवेचा उरतो. या विषयावरची जी पुस्तकं मी वाचली ती सगळी कोरड्या किंवा थंड मुलखातली. हिवाळ्यात हीटर लावून घराची हवा सुकली की कागदाला वाफ कशी द्यायची, हे त्यांत सविस्तर सांगितलेलं असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना बुरशी धरते, कपाटातली चामड्याची चप्पल पांढरी होते, अशा ठिकाणी काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. हवेतली आर्द्रता मोजणं आणि सांभाळणं हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि माझी पॅलेडियमची गाडी रुळावर आली ती त्याच ज्ञानावर. म्हणून हे लिहायला घेतलं.

मला हे तंत्र हवं होतं ते खाडीसाठी. चेंदणी कोळीवाड्याकडून मीठबंदराला गेलं की ओहोटीच्या वेळी पाणी आत सरकलेलं असतं आणि लांबवर चिखल उघडा पडलेला असतो. पाण्याच्या कडेला तो चकाकतो, मधल्या पट्ट्यात खेकड्यांच्या बिळांनी खरखरीत झालेला असतो, आणि तिवरांच्या बुडाशी वर आलेली श्वसनमुळं त्यात दाटीने उभी असतात. सगळं राखाडीच, पण दोन हातांवरचा राखाडी एकसारखा नाही. याचे फोटो मी ब्रोमाइड पेपरवर, म्हणजे नेहमीच्या ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोच्या कागदावर, खूप काढले. काळं छान काळं यायचं, मधल्या छटा मात्र एकमेकींत मिसळून जायच्या. पॅलेडियमचं काळं तेवढं गडद नसतं. ब्रोमाइडच्या प्रिंटशेजारी ठेवलं तर ते गडद तपकिरी दिसतं. पण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची उतरण लांब आणि सावकाश असते, आणि चिखलाला तेच पाहिजे.

ब्रोमाइड पेपरवर जिलेटिनचा थर असतो आणि चांदी त्या थरात असते. पॅलेडियममध्ये असा थरच नाही. धातूचे बारीक कण थेट कागदाच्या तंतूंत बसतात, म्हणून पृष्ठभाग कागदासारखाच राहतो, चमक अजिबात नाही. धातू सहजासहजी गंजत नाही, त्यामुळे कागद टिकेल तोवर चित्र टिकतं.

इतिहास थोडक्यात. इंग्लंडमध्ये विल्यम विलिसने १८७३ साली प्लॅटिनम प्रिंटचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम युद्धसामग्रीसाठी लागायला लागलं, छायाचित्रकारांना मिळेनासं झालं, आणि त्याच्या जागी पॅलेडियमचा कागद आला. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झने काढलेले चित्रकार जॉर्जिया ओ'कीफचे कितीतरी फोटो आणि तिथलाच छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याचं मेक्सिकोतलं बरंच काम पॅलेडियमवर आहे. आज हाच धातू मोटारींचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. मार्च २०२२ मध्ये त्याचा भाव औंसाला ३००० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हापासून मी थेंब मोजताना श्वास रोखून धरते.

ठाण्यातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथून मला लाकडी फील्ड कॅमेरा मिळाला. केरळात अलप्पुळाला बनलेला वागीश्वरी, फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. त्याला शटर नाही. लेन्सची टोपी काढायची, मनात मोजायचं, परत लावायची. या आकाराची परदेशी फिल्म मागवणं माझ्या खिशाला झेपणारं नाही, म्हणून मी हॉस्पिटलला लागणारी एक्स-रे फिल्म वापरते. आठ बाय दहाची शीट लाल दिव्यात कापून फुल प्लेटची करायची. हिरव्या रंगाला संवेदनशील असलेली घ्यावी. तिला लाल दिसत नाही, त्यामुळे गडद लाल दिव्यात बघत बघत डेव्हलप करता येते. मी ती ८० आयएसओ धरून वापरते. तिवरांची पानं तिच्यावर उजळ येतात, कौलं काळी पडतात आणि आकाश बहुतेक वेळा कोरं जातं. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असतं, म्हणून ओरखडे फार लवकर पडतात. ट्रेच्या तळाशी काच ठेवून, एका वेळी एकच शीट, नखं कापलेली आणि हातात मोजे, अशी डेव्हलप करावी लागते.

बंदरावर मी कॅमेरा मांडला की एक कोळी काका जाळं विणता विणता लक्ष ठेवतात. चिखलात बसलेल्या त्यांच्या होडीचा फोटो घ्यायचा होता. मी काळ्या फडक्यात डोकं घालून बराच वेळ फोकस करतेय हे बघून म्हणाले, "ताई, लवकर उरका. पाणी बुडाला लागलं की होडी हलायला लागते. मग तुमचा फोटो गेला."

"किती वेळ आहे काका?"

"ते बगळे मागे सरकायला लागले ना, तेवढाच."

त्यांचा अंदाज बरोबर होता. टोपी लावली आणि थोड्याच वेळात होडीच्या कडेने पाण्याची पहिली रेघ आली. पुढे या लेखात जिथे जिथे प्रिंटचा विषय येईल तिथे हीच निगेटिव्ह डोळ्यांसमोर आहे.

पॅलेडियमला निगेटिव्ह कडक, म्हणजे जास्त काँट्रास्टची, लागते. ब्रोमाइडच्या दोन नंबरच्या, म्हणजे मध्यम काँट्रास्टच्या, कागदाला निगेटिव्हच्या सर्वांत दाट आणि सर्वांत विरळ भागांच्या घनतेतला फरक साधारण १.१ पुरतो. पॅलेडियमला तो १.८ च्या आसपास लागतो. पेपरसाठी बनवलेली निगेटिव्ह इथे लावली की प्रिंट फिकी आणि मळकट येते. मी पायरोकॅटेकॉलचा डेव्हलपर घरी बनवते. तो चांदीबरोबर फिल्मवर तपकिरी डागही सोडतो, आणि तो डाग अतिनील प्रकाश अडवतो. त्यामुळे डोळ्यांना बेताची वाटणारी निगेटिव्ह यूव्हीला चांगली कडक असते. हे रसायन विषारी आहे, मोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

आता लेप. त्याचे दोन मुख्य भाग: फेरिक ऑक्झलेट आणि सोडियम टेट्राक्लोरोपॅलेडेट. अतिनील प्रकाशात फेरिक लोहाचं फेरस लोह होतं. प्रिंट डेव्हलपरमध्ये गेली की हे फेरस लोह पॅलेडियमच्या क्षाराचं शुद्ध धातूत रूपांतर करतं आणि स्वतः परत फेरिक होतं. म्हणजे प्रकाश टिपतं लोह, आणि शेवटी कागदावर राहतं पॅलेडियम. उरलेलं सगळं लोह नंतर धुऊन काढायचं असतं. निम्मी कटकट त्या धुण्यात आहे.

पॅलेडियमचं द्रावण मी स्वतः बनवते, तयार घेण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. पॅलेडियम क्लोराइड प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्याकडून मागवून घेते. ५ ग्रॅम पॅलेडियम क्लोराइड, ३.५ ग्रॅम आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ आणि ४० मिलीलीटर कोमट डिस्टिल्ड वॉटर. नुसतं पॅलेडियम क्लोराइड पाण्यात नीट विरघळत नाही, मीठ पडलं की गडद लालसर तपकिरी होत विरघळतं. हे द्रावण वर्षानुवर्षं टिकतं.

फेरिक ऑक्झलेट मात्र नाजूक. ५५ मिलीलीटर डिस्टिल्ड वॉटर, १ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, १५ ग्रॅम फेरिक ऑक्झलेट. पावडर पटकन विरघळत नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवून रात्रभर वाट बघावी लागते. आणि ठाण्याच्या मे महिन्यात ते पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी आधी बिघडतं. म्हणून पावडर हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवते आणि द्रावण थोडं थोडंच करते. बिघडलंय का, हे बघायची सोपी परीक्षा आहे. पांढऱ्या बशीत त्याचा एक थेंब आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा एक थेंब. निळं झालं तर आत आधीच फेरस लोह तयार झालेलं आहे, म्हणजे प्रकाश न दाखवताच प्रिंट काळवंडणार. मग ते ओतून टाकायचं. या कामाच्या बशा, ब्रश, मापं कपाटात वेगळ्या कप्प्यात आणि कुलपात. ऑक्झलेट पोटात जाता कामा नये, आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर यात हयगय करूच नये.

तिसरं द्रावण सोडियम क्लोरोप्लॅटिनेटचं. निगेटिव्ह जरा नरम असेल तर याचा एखादा थेंब काँट्रास्ट वाढवतो. जास्त झालं तर दाणे दिसायला लागतात. शिवाय हा प्लॅटिनमचा क्षार आहे आणि त्याची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही. तेव्हा मोजे हवेतच.

कागद शंभर टक्के कापसाचा आणि चुना नसलेला हवा. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या कागदांत टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आणि या लेपाला ते चालत नाही. मी आर्श प्लॅटिन वापरते. आधी पेन्सिलीने निगेटिव्हच्या कडा आखून घ्यायच्या. पिवळ्या बल्बखाली एका छोट्या काचेच्या ग्लासात फेरिक ऑक्झलेटचे १५ थेंब, पॅलेडियमचे १५, आणि लागलाच तर अडीच टक्के क्लोरोप्लॅटिनेटचा एक. ग्लास फिरवून ढवळायचा. ब्रश जपानी हाके, ज्याला धातूची पट्टी नसते, कारण धातू या द्रावणाशी भांडतो. ब्रश आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून चांगला झटकायचा, नाहीतर निम्मं पॅलेडियम तोच पितो. मग सगळं द्रावण कागदाच्या मध्यावर एकदम ओतायचं आणि अजिबात न दाबता आधी आडवं, मग उभं, मग परत आडवं पसरायचं. कागद थेंबाथेंबाने पीत असतो. पहिल्या काही सेकंदांत ब्रश घसरतो, नंतर हलकासा अडतो. अडायला लागला की थांबायचं. त्यानंतरचा प्रत्येक फटकारा कागदाचे तंतू वर ओढतो आणि ते तंतू पुढे प्रिंटमध्ये काळे ठिपके होऊन दिसतात. चांगला बसलेला लेप तिरक्या उजेडात एकसारखा केशरी-पिवळा दिसतो. त्यात कुठे ओली चमक उरलेली नसते.

आणि इथेच हवा आपलं काम करते.

जानेवारीतल्या दुपारी घरात आर्द्रता चाळिशीवर येते. तेव्हा लेप कागदात मुरायच्या आधीच वरच्या वर सुकतो. काळं खडूसारखं येतं आणि दाणे दिसतात. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकते. कोरा कागदच आधी ओलावा पिऊन बसलेला असतो, लेप फार खोल जातो आणि वर चित्र फिकं पडतं. शिवाय सुकल्यासारखा वाटणारा कागद आतून ओला राहतो आणि फ्रेममध्ये दाबला की निगेटिव्हला चिकटतो. निगेटिव्ह गेली म्हणजे सगळंच गेलं. पॅलेडियमला हवी असते ती साधारण पन्नास ते साठ टक्के आर्द्रता, आणि दर वेळी तेवढीच. तेवढीच हे महत्त्वाचं, कारण हवा बदलली की एक्सपोजर बदलतं, काँट्रास्ट बदलतो, रंगसुद्धा बदलतो. मग निगेटिव्हमध्ये काय कमी आहे हे कळायला मार्गच राहत नाही.

एका जुलैत मी लेप दिलेले कागद पंख्याखाली दोरीला लावून बसले होते. सासूबाई दारातून बघत म्हणाल्या, "अगं, पावसात पापड वाळत घालतं का कुणी?"

"मग काय करायचं आई?"

"डब्यात घालायचं. हवा लागू द्यायची नाही."

त्या सहज बोलून गेल्या, पण उत्तर तेच होतं. मी खोलीची हवा बदलायच्या मागे लागले होते, आणि गरज होती फक्त एका डब्यातली हवा बदलायची. लॅबमध्ये आम्ही हे नेहमी करतो. काही क्षारांचं संपृक्त द्रावण बंद डब्यात ठेवलं की ते आतली आर्द्रता एका ठरावीक आकड्यावर आणून ठेवतं. मॅग्नेशियम नायट्रेटचं द्रावण पंचवीस ते तीस अंशांना ५१ ते ५३ टक्क्यांवर ठेवतं. बाहेर जानेवारी असो की जुलै, डब्यातला आकडा तोच.

मी धान्याचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, घट्ट झाकणाचा. तळाशी ट्रेमध्ये मॅग्नेशियम नायट्रेटचा ओला लगदा, त्यात न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत. वर प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर कागद. पावसाळ्यात कोरा कागद आदल्या रात्रीच आत जातो. लेप दिल्यावर वरची चमक जाईपर्यंत तो खोलीत आडवा ठेवते, मग हेअर ड्रायरची गार हवा थोडा वेळ मागच्या बाजूने, आणि परत डब्यात. तासाभराने काढला की तो बोटांना ना थंड लागतो ना कडक. बाजारातला स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, सहसा पाच-सात टक्के इकडे तिकडे दाखवतो. तो तपासायलाही क्षारच कामाला येतो. साधं मीठ ओलं करून वाटीत ठेवायचं, हायग्रोमीटरसकट छोट्या डब्यात बंद करायचं, दुसऱ्या दिवशी आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक दिसेल तेवढा लक्षात ठेवायचा. एवढं केलं आणि माझ्या प्रिंट एकमेकींसारख्या यायला लागल्या. इतर कुठल्याही खरेदीने मला एवढा फायदा झालेला नाही.

उजेडाचं काम सोपं आहे. हॉटेलांत माश्या मारायचं निळं यंत्र असतं, त्यातल्या ट्यूब नेमक्या आपल्याला हव्या त्या, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशाच्या असतात. अशा ट्यूब इलेक्ट्रिकच्या दुकानात सुट्या मिळतात. सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली, चोक बाहेरच्या बाजूला बसवले म्हणजे आत तापत नाही, आणि पंख्याला जागा ठेवली. चालू ट्यूबकडे बघायचं नाही. निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये मायलरची, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, पातळ शीट घालते, म्हणजे कागदात किंचित ओल राहिली तरी निगेटिव्ह वाचते. स्टेप वेजने, म्हणजे पायरीपायरीने गडद होत जाणाऱ्या छटांच्या पट्टीने, एकदा वेळ ठरवून घेतला की तो सहसा दहा मिनिटांच्या आसपास राहतो. ऊन वापरायचं तर थंडीतलं दुपारचं ऊन निम्म्या वेळात काम करतं, पण ढग आला की हिशोब चुकतो. फ्रेम उघडून बघितलं तर होडीची काळी बाजू आणि दूरचे तिवर पुसट तपकिरी दिसतात, बाकी कागद पिवळाच.

डेव्हलपर म्हणजे पोटॅशियम ऑक्झलेटचं द्रावण. कागद कोरड्या ट्रेत ठेवायचा आणि सगळं द्रावण एका झटक्यात, न थांबता, त्याच्यावर ओतायचं. थांबलात तर तिथे कायमची रेघ. ब्रोमाइडचं चित्र हळूहळू वर येतं, इथे तसं काही नाही. द्रावण जिथे पोचतं तिथे चित्र त्याच क्षणी पूर्ण. मला अजूनही दर वेळी तेवढंच नवल वाटतं: होडीच्या फळ्यांमधल्या डांबराच्या रेघा, चिखलातला दोरखंडाचा वळसा, तिवरांची शेकडो मुळं, सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. हा डेव्हलपर फेकून देत नाहीत. तळाशी बसलेला काळा गाळ गाळून काढायचा, कमी झालं तेवढं नवीन घालायचं आणि बाटली परत भरून ठेवायची. तो डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवावा. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने त्यात पांढरा साका बसतो. गरम वापरला तर रंग जास्त उबदार येतो.

यानंतर क्लिअरिंग, म्हणजे कागदातलं उरलेलं लोह काढणं. सुरुवातीला माझं सगळं लक्ष काळ्याकडे होतं. वाशीला एक सर राहतात, आयुष्यभर छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर काम केलेले. त्यांना प्रिंट दाखवायला गेले आणि तक्रार केली, "सर, काळं हवं तेवढं काळं होत नाहीये."

त्यांनी प्रिंट खिडकीपाशी नेली, कडेचा भाग बघितला. "अगं, काळ्याच्या मागे लागू नकोस. तुझं पांढरं पिवळं आहे. पांढरं स्वच्छ झालं की हेच काळं तुला पुरेल."

तेव्हापासून मी लेप दिलेल्या कागदाच्या एका कोपऱ्यावर काळ्या टेपची पट्टी लावते, तिथे प्रकाश पोचतच नाही. क्लिअरिंग झालं की तो कोपरा आणि बाजूचा लेप नसलेला कोरा कागद शेजारी बघायचे. दोन्ही सारखे असले तर ठीक. कोपरा पिवळट असेल तर लोह उरलंय, अजून धुवा. राखाडी असेल तर धुऊन काही होणार नाही, फेरिक ऑक्झलेट बिघडलंय किंवा कागद फार ओला होता. या एका कोपऱ्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने नाही. क्लिअरिंगसाठी आधी सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण, मग लोह पकडून ओढून घेणाऱ्या टेट्रासोडियम ईडीटीएच्या दोन ट्रे, प्रत्येकात आठ-दहा मिनिटं. जुन्या प्लॅटिनमच्या कृतींमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड सांगितलेलं असतं. पॅलेडियमला ते सोसत नाही, चित्र फिकं होतं, तेव्हा ते इथे वापरू नये. शेवटी पाण्याने धुणं. आमच्या सोसायटीत पाणी ठरलेल्या वेळी येतं, नळ अर्धा तास सोडून ठेवणं मनाला पटतही नाही. ट्रेमध्ये पाणी भरायचं, पाच मिनिटांनी ओतायचं, परत भरायचं, असं सहा-सात वेळा केलं की तेवढंच काम होतं.

ओली प्रिंट बघून निर्णय घेऊ नये. सुकल्यावर ती गडद होते आणि उजळ भाग जरा बसतात. पाण्यात हवी त्याहून किंचित हलकी दिसली तर सुकल्यावर नेमकी होते.

डब्याने पावसाळ्यातलं काम सुरू झालं, पण त्या हवेशी झगडायचं नसेल तर दुसरी वाटही आहे. १९८० च्या दशकात प्रदीप मालदे आणि माइक वेअर यांनी जुन्या प्रिंटिंग-आउट पद्धतीला नवं रूप दिलं. त्यात फेरिक ऑक्झलेटच्या जागी अमोनियम फेरिक ऑक्झलेट असतं आणि पॅलेडियमचाही अमोनियमचा क्षार. कागदात पुरेसा ओलावा असेल तर चित्र फ्रेममध्येच, उजेडाखालीच पूर्ण तयार होतं. डेव्हलपर लागत नाही, थेट क्लिअरिंग. म्हणजे इथे ओलावा हा कृतीचाच भाग आहे. कोरड्या देशातले लोक यासाठी कागद पाण्याच्या ट्रेवर बंद करून ठेवतात. जुलैत ठाण्यात तो नुसता टेबलावर ठेवला तरी होतं. मी त्यातही डबाच वापरते, फक्त मॅग्नेशियम नायट्रेट काढून मीठ ठेवते, म्हणजे ७५. रंगही बदलतो: कोरड्या कागदावर तांबूस तपकिरी, ओल्यावर राखाडीकडे झुकणारा. होडीची निगेटिव्ह मी दोन्ही पद्धतींनी छापली. उन्हातल्या चिखलाला तपकिरी बरा वाटतो. पण पावसाळी आभाळाखालचे तिवर मला त्या थंड राखाडीतच पटतात, आणि ते पावसाळ्यातच छापावेत असं आता माझं मत झालं आहे. फ्रेमची अर्धी पाठ उघडून चित्र कुठवर आलंय ते बघता येतं, हा आणखी एक फायदा. होडी पुरेशी काळी झाली, की ट्यूब बंद.

तयार प्रिंट पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नयेत. जिलेटिन नसल्यामुळे ब्रोमाइडइतकी बुरशी लागत नाही, पण कागद शेवटी कागदच आहे. मी त्या ॲसिड-फ्री कागदाच्या घड्यांमध्ये, सिलिका जेल घातलेल्या पेटीत ठेवते आणि दिवाळीनंतर एकदा सगळ्या काढून हवा देते.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाला हे सुरू करायचं असेल तर पॅलेडियम लगेच विकत घेऊ नका. आधी सायनोटाइप, म्हणजे लोहाच्या क्षारांची निळी प्रिंट, करा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, दोन्ही मिळून काही शे रुपयांचं काम. ब्रश तोच, फ्रेम तीच, माश्या मारायच्या यंत्राच्या ट्यूब त्याच, आणि कागदही तोच चालतो. हात बसला, लेप एकसारखा यायला लागला, की मग धातूवर पैसे घाला. हायग्रोमीटर आणि घट्ट झाकणाचा डबा मात्र सायनोटाइपच्याही आधी घ्या, आणि हायग्रोमीटर पहिल्या रात्री ओल्या मिठाबरोबर बंद करून ठेवा.